टाचेला दुसरा रंग

लुमाण्णाकडे फाटका मोजा नेला की तो पहिल्यांदा गालाला लावून बघायचा. मोजा धुतलेला आहे की नाही, ही चौकशी नंतर. त्यामुळे देणाराच ओशाळा व्हायचा. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा घाईघाईनं म्हणालो, "अहो, आठवडाभर पायात होता तो." त्यानं डोळे न उघडता मान हलवली.

"कळालं की वासावरनं. पन लोकर नामी हाय. आनि इनलाय कुनी म्हातारीनं."

"कशावरून?"

"तरन्या बायकांचा जीव मोज्यात नसतोय. टाका आवळून घेत्यात आनि उठत्यात. म्हातारीला कुटं जायाचं असतंय? तिचा टाका ऐसपैस पडतोय."

मोजे माझ्या मावशीनं विणले होते, आणि मावशी खरोखरच बरीच थकलेली होती. त्या दिवसापासून मी लुमाण्णाच्या नादी लागलो तो लागलोच.

तेव्हा मी कॅसलरॉकला तारबाबू होतो. पहिली मोठी लढाई संपून काही वर्षं झाली होती. कॅसलरॉक म्हणजे इंग्रजी हद्दीतलं शेवटचं स्टेशन. पुढे घाट, आणि घाट उतरला की पोर्तुगीजांचं गोवं. गाडी इथं थांबायची, सामानाची झडती व्हायची, ब्रेक तपासले जायचे आणि मगच ती घाटात सोडायची. सभोवार जंगल. पावसाळ्यात सूर्य कसा असतो ते विसरायला व्हायचं, आणि थंडीत सकाळच्या धुक्यात फलाटाच्या या टोकावरून त्या टोकाचा माणूस दिसत नसे. अशा ठिकाणी माणसाला देवाच्या खालोखाल लोकरीचा आधार. गोऱ्या ड्रायव्हरांच्या मडमा बंगल्याच्या ओट्यावर बसून मोजे विणत. खानापूर-बेळगावकडचे जे गडी लढाईवरून धडपणी परतले, त्यांच्या ट्रंकांतून विलायतेतल्या अनोळखी बायकांनी सोजिरांसाठी विणलेले मोजे आले होते. हे सगळे मोजे कधी ना कधी फाटत, आणि फाटले की लुमाण्णाकडे येत.

तसा तो नोकरीनं सांधेवाला. गाडी यायच्या वेळी रूळ बदलायचे आणि अंधार पडला की हातदिवा दाखवून गाडीला वाट द्यायची, हे त्याचं काम. दोन गाड्यांच्या मधल्या वेळात सांध्याजवळच्या पत्र्याच्या खोपट्यात तो मोजे घेऊन बसे. दिग्गीकडचा माणूस. उंच, काटकुळा, अंगात रेल्वेचा निळा कोट आणि पाय उघडे. साऱ्या स्टेशनाच्या पायांची काळजी वाहणारा हा गृहस्थ स्वतः बारा महिने अनवाणी असायचा. मी एकदा छेडलं, तर म्हणाला, "गाडी येतिया त्ये आदी पायाला कळतंय, तारबाबू. मोजा घाटला की कान बुजल्यावानी व्हतंय."

ही विद्या त्याला एका ड्रायव्हरच्या म्हाताऱ्या सासूनं शिकवली होती. लुमाण्णा उमेदीत तिच्या बंगल्यावर पाणी भरायचा. तिला मराठी येत नव्हतं, याला इंग्रजी येत नव्हतं. ती सुई दाखवायची आणि हा बघायचा. चुकलं की ती हातावर चापट मारायची. "सासूचा मार खाऊन शिकलो, पन सासू दुसऱ्याची," असं तो सांगे, आणि जवळ बसलेली त्याची बायको शेवंताक्का पदर तोंडाला लावून हसे. म्हातारी विलायतेला गेली तेव्हा आपल्या सुया मात्र घेऊन गेली. मग लुमाण्णानं मोडक्या छत्रीच्या काड्या दगडावर घासून त्यांच्या सुया केल्या. कॅसलरॉकला मोडक्या छत्र्यांना काय तोटा? फाटलेली टाच ताणून धरायला मडमेकडे लाकडाचं अंडं होतं, म्हणे. लुमाण्णानं त्याजागी वाळून टणक झालेलं बेलफळ घेतलं. ते मोज्यात घालायचं, टाच त्याच्यावर बसवायची आणि आडवेउभे धागे भरत जायचे.

या बेलफळावरून एकदा महाभारत झालं. स्टेशनमास्तरांच्या मातोश्री, ज्यांना आम्ही सगळे काकू म्हणत असू, देवदर्शनाला निघाल्या असता खोपट्यापाशी थबकल्या. त्यांनी मोज्यातून बाहेर पडणारं बेलफळ पाहिलं मात्र, त्यांचा तोल गेला. महादेवाचं फळ आणि पायमोज्यात! तुला नरकात जागा मिळायची नाही, वगैरे सगळं झालं. लुमाण्णानं सगळं ऐकून घेतलं, फळ कपाळाला लावलं आणि शांतपणे म्हणाला, "अव्वा, महादेव बर्फात उगडा बसतोय. थंडीचं काय असतंय ते दुसऱ्या कुटल्या देवाला ठावं हाय? त्यो रागवायचा न्हाई." काकू तणतणत निघून गेल्या. पंधरवड्यानं त्यांच्याकडची मोलकरीण पदराआड काहीतरी घेऊन खोपट्यात आली. काकूंचे स्वतःचेच लोकरीचे मोजे होते. टाचांच्या भेगांपुढे त्यांनी हात टेकले होते. लुमाण्णानं मोजे नीट करून दिले, आणि त्यातल्या फळाविषयी दोन्ही बाजूंनी पुन्हा कधी अक्षर निघालं नाही.

त्याच्या कामाच्या काही रीती होत्या आणि त्या तो मोडत नसे. मोज्याच्या तोंडाला, म्हणजे जिथून विणायला सुरुवात होते त्या पट्टीला, तो हात लावायचा नाही. पाऊल सगळं गेलं तर सगळं उसवून नवं विणेल, टाच दोनदा बदलेल, पण वरची पट्टी मूळची. "कुना बाईनं बसून पयला टाका घाटला त्यो हितं. त्यो मोडायचा न्हाई. त्यो मोडला की मोजा माजा झाला. माजा कशाला करू?" माझे मावशीचे मोजे परटानं कढत पाण्यात घालून एवढेसे करून ठेवले, तेव्हा मला वाटलं संपलं. लुमाण्णानं चवडा कापला, सुटलेले टाके एकेक करून सुईवर घेतले, दुसऱ्या मोज्याच्या लोकरीनं बोटभर वाढवले आणि पुढं मिटवले. पायात घातले तर जोड कुठं ते समजेना. डोळ्यांना समजे, पण ते पुढे सांगतो.

आणखी एक रीत म्हणजे एकटा मोजा तो हातात घ्यायचा नाही. "जोडी बगितल्याबिगार एक शिवत न्हाई. एकाला भरलं आनि दुसरा पातळ राह्यला की मानूस एका अंगानं चालतोय." मिनेझ नावाचे एक गार्ड होते. गोव्याचे, गोरेपान, लठ्ठ आणि भयंकर घाईचे. एकदा त्यांनी गाडी उभी असताना फाटका मोजा पायातून काढून लुमाण्णाच्या अंगावर फेकला आणि म्हणाले, "म्हाका फाल्यां जाय रे!" म्हणजे उद्याच हवा. लुमाण्णानं दुसऱ्या पायाकडे बोट दाखवलं. मिनेझ म्हणाले, तो धड आहे. लुमाण्णा म्हणाला, असू दे, काढा. हुज्जत चालू असताना एंजिनानं शिट्टी दिली, आणि मिनेझसाहेब एका पायात मोजा आणि दुसऱ्या पायात नुसता बूट अशा थाटात घाट उतरून गेले. दुसऱ्या दिवशी वर आले ते दुसरा मोजा हातात घेऊनच. तो लुमाण्णानं उजेडात धरला. टाच जाळीसारखी झाली होती, दोन दिवसांत फाटली असती. मिनेझनी त्याला कोकणीत एक शिवी दिली आणि एक विडी दिली.

पण त्याचं खरं प्रेम होतं ते जळवांच्या मोज्यांवर. पावसाळ्यात आमच्या भागात जमिनीवरचं प्रत्येक पान जिवंत असल्यासारखं वाटतं. रुळांवर काम करणारे गँगचे लोक, लाकूड ओढणारे, शेतावर जाणारे, सगळ्यांच्या पोटऱ्यांवरून रक्ताचे ओघळ. लांब मोज्याचं पाऊल झिजून कामातून गेलं की साहेबलोक तो टाकून देत. लुमाण्णा तो उचलून आणायचा, पाऊल कापायचा, खालच्या कडेचे टाके मिटवून तळपायाखालून जाईल अशी एक पट्टी विणायचा. मग मोजा कढत पाण्यात घालून मुद्दाम आटवायचा, म्हणजे वीण घट्ट होते आणि जळूचं तोंड शिरत नाही. शेवटी तंबाखूच्या पाण्यात बुडवून वाळत टाकायचा. असे मोजे त्यानं किती जणांना दिले याला गणती नाही. गँगचे लोक त्याबद्दल त्याला कधी फणस, कधी मधाचं पोळं आणून देत. जोईड्याच्या त्या रानात विलायती मडमेनं विणलेला नक्षीदार मोजा घालून एखादा शेतकरी चिखलणी करताना दिसे, तेव्हा मला फार गंमत वाटे.

आता रंगांचं सांगतो. लुमाण्णानं नीट केलेला मोजा लांबून ओळखू यायचा. तपकिरी मोज्याला हिरवी टाच. हिरव्याला तांबडा चवडा. माझ्या मावशीच्या तपकिरी मोज्यांना त्यानं शेवाळी रंगाची बोटं लावून दिली, तेव्हा मी जरा कां कूं केलं. तो म्हणाला, "रंगानं पाय ऊबदार व्हत न्हाई, तारबाबू. मऊ लागतंय का बगा." मी बघितलं. फारच मऊ होतं. बूट घातल्यावर टाच कोण बघतो? लोक थट्टा करायचे. कुणी म्हणे, लोकर मिळत नाही म्हणून बिचारा असेल ती वापरतो. कुणी म्हणे, हा त्याचा छाप आहे. मला तर त्याच्या त्या वाक्यात मोठं तत्त्वज्ञान दिसू लागलं होतं. एकदा स्टेशनावर कुणी कुणाच्या घागरीतलं पाणी प्यावं यावरून वाद पेटला, तेव्हा मी भर सभेत उठून "रंगानं पाय ऊबदार होत नाही, असं आमचा लुमाण्णा म्हणतो" असं सुनावलं आणि वाहवा मिळवली. लुमाण्णा दाराशी उभा होता. आपण एवढं मोठं काय बोललो, हे त्याच्या ध्यानात आलेलं दिसलं नाही.

मग एका थंडीत वरून हुकूम आला की, गाडीला दिवा दाखवणाऱ्या प्रत्येक माणसाचे डोळे तपासायचे. नापास होईल त्याला त्या कामावरून काढायचं. धारवाडकडून एक डॉक्टर तपासणीला येणार होते. स्टेशनावर सगळे धास्तावले, एक लुमाण्णा सोडून. त्याची नजर घारीची होती. घाटातल्या वळणावर एंजिनाचा धूर पहिल्यांदा त्यालाच दिसायचा. शेवंताक्का मात्र जवळच्या देवीला नारळ बोलून आली. नोकरी गेली तर रेल्वेची खोली जाणार, आणि खोली गेली की दिग्गीला भावाच्या दारात उभं राहावं लागणार. जमिनीवरून भांडून लुमाण्णानं ते दार कधीचंच सोडलं होतं. "भावाची बायको मला उंबऱ्याच्या आत घेनार न्हाई," असं ती काकूंना सांगत होती.

डॉक्टर आदल्या संध्याकाळी आले. मध्यमवयाचे, अबोल, धारवाडी मराठी बोलणारे. मास्तरांच्या ओट्यावर त्यांनी बूट काढले तेव्हा मोज्याच्या टाचेला भोक दिसलं. मोजे गर्द डाळिंबी रंगाचे, हातानं विणलेले. आम्ही सगळे एकदम बोललो. अशी संधी कोण सोडणार? परीक्षा घेणाऱ्याचाच मोजा लुमाण्णाच्या हाती जातोय, म्हणजे अर्धी परीक्षा पास. डॉक्टर नको नको म्हणत होते. ते मोजे त्यांच्या बायकोनं विणले होते, आणि ती आता नव्हती, हे त्यांनी एवढ्या हळू सांगितलं की मास्तरांना ऐकूच गेलं नाही. मास्तरांनी दोन्ही मोजे काढून घेऊन खोपट्याकडे पाठवले.

सकाळी लुमाण्णा स्वतः मोजे घेऊन आला. आंघोळ केलेली, कोटाची बटणं लावलेली. असं काम मी त्याच्या हातचंही पाहिलं नव्हतं. फाटलेलीच नव्हे, दोन्ही टाचा त्यानं सबंध नव्यानं विणल्या होत्या, इतक्या सफाईनं की कुठं गाठ नाही, कुठं ओढ नाही. डाळिंबी मोज्यांना गर्द हिरव्या टाचा.

डॉक्टरांनी मोजे हातात घेतले. टाचेवरून अंगठा फिरवला. मला वाटलं, रंगाला हसतील. ते हसले नाहीत. त्यांनी आधी मोज्याकडे आणि मग लुमाण्णाकडे बघितलं.

"हा रंग का घेतलास?" त्यांनी विचारलं.

"जुळनी करून घेटलाय, सायेब. तुमच्या घरच्या मानसानं इनलंय म्हनल्यावर कसाबी कसा घिऊ? समदं गाठोडं धुंडाळलं. ह्यो बराबर मिळाला."

माझ्या मनात तेव्हा पहिल्यांदा काहीतरी खटकलं. डॉक्टर म्हणाले, "आधी याला तपासणीला बसवू या."

त्यांनी एक लाकडी पेटी उघडली. आत लोकरीच्या बोटभर लांबीच्या लडी होत्या. तांबड्या, हिरव्या, गुलाबी, राखाडी, तपकिरी, पिवळट, सगळ्या एकात एक मिसळलेल्या. डोळ्यांची परीक्षा लोकरीनं घेतात हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. फलाटावर जमलेल्या लोकांत एकदम हशा पिकला. गँगचा मुकादम म्हणाला, "घ्या! लुमाण्णाचा पयला लंबर." लुमाण्णाच्या चेहऱ्यावर तर सण उजाडला होता. त्यानं एक लड उचलली आणि सवयीनं गालाला लावली.

डॉक्टरांनी एक फिकट हिरवी लड टेबलावर ठेवली आणि म्हणाले, यासारख्या सगळ्या लडी काढून हिच्याजवळ ठेव. लुमाण्णा कामाला लागला. घाई नाही, गडबड नाही. एकेक लड उचलायचा, उजेडात धरायचा, ठेवायचा. हिरवीजवळ एक हिरवी गेली. मग एक राखाडी. मग एक मातकट. मग एक गुलाबी. मग आणखी एक गुलाबी. हसणं हळूहळू बंद पडत गेलं. शेवटी तारेच्या यंत्राची टिकटिक बाहेर ऐकू येऊ लागली. काम संपवून लुमाण्णानं लडी सारख्या केल्या, हात मागं घेतले आणि आमच्याकडे बघितलं. आमच्यातला एकही माणूस त्याच्याकडे बघत नव्हता.

डॉक्टरांनी पुन्हा सगळ्या मिसळल्या आणि गर्द तांबडी लड ठेवली. पुन्हा तेच. मग त्यांनी आपला एक मोजा टेबलावर ठेवला, एक बोट डाळिंबी भागावर आणि एक हिरव्या टाचेवर ठेवलं. इतका वेळ ते त्याला अरेतुरे करत होते. आता म्हणाले, "लुमाण्णा, हे दोन रंग तुम्हाला एकच दिसतात?"

लुमाण्णानं मोज्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे, मास्तरांकडे, मुकादमाकडे.

"एकच न्हवं व्हय?" तो म्हणाला.

मला रडू आलं हे लिहायला आज लाज वाटत नाही.

डॉक्टर समजावून सांगत होते. हा जन्मापासूनचा दोष असतो, नजर तेज असूनही असतो, माणसाला स्वतःला कळत नाही. मग तुम्ही दिवा कसा दाखवत होता, असं त्यांनी विचारलं. लुमाण्णानं हातदिवा आणून दाखवला. वरची कडी फिरवली की काच बदलते. एकदा फिरवली की लाल, पुन्हा फिरवली की हिरवा. खटका बोटाला लागतो. गार्डचा दिवा लांबून कसा ओळखता? "त्यो हिरवा जरा पांढरट दिसतोय की. तांबडा मंद दिसतोय. मला वाटलं, समद्यास्नी तसंच दिसतंय." म्हणजे एवढी वर्षं त्याच्या हातून एकही चूक झाली नव्हती. डॉक्टरांनी तसं स्पष्ट सांगितलं. पण लुमाण्णा ते ऐकत नव्हता. तो दिव्याची कडी फिरवून फिरवून काचेकडे बघत होता.

"आनि धुकं असलं मंजे?" त्यानं स्वतःलाच विचारलं. "धुक्यात तर समदंच मंद दिसतंय."

हुकूम यायला आठ-पंधरा दिवस लागतात, तोवर काम करायला हरकत नाही, असं मास्तर गडबडीनं म्हणाले. लुमाण्णानं दिवा टेबलावर ठेवला. "सायेब लिवतील तवा लिवतील. आज सांजच्या गाडीला मी हात लावनार न्हाई." आणि तो खोपट्याकडे चालता झाला. डॉक्टरांनी हिरव्या टाचांचे मोजे पायात घातले, बूट चढवले आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

मास्तर मनाचा मोठा माणूस. त्यांनी खटपट करून लुमाण्णाला फलाटावर पाणी देण्याचं काम मिळवून दिलं. खोलीही राहिली असती. त्यानं नको म्हटलं. मी समजूत घालायला गेलो, तर म्हणाला, "रोज सांजला दिवं लागनार, आनि रोज मी हितंच उभा. नको, तारबाबू. भावाच्या पायावर डोकं ठेवीन. त्यो मानूसच हाय."

जाण्याआधी त्यानं एक खूळ डोक्यात घेतलं. ज्याचे ज्याचे मोजे आपण नीट केले त्या प्रत्येकाकडे तो गेला आणि ते परत मागू लागला. शेवंताक्काला रंग विचारून ते सगळे पुन्हा बरोबर करून द्यायचे होते. त्याला एकानंही मोजे दिले नाहीत. मुकादम म्हणाला, पायातून निघत नाहीत. काकूंनी सांगितलं, आता त्या रंगाची सवय झाली. मिनेझसाहेब तर खवळले. गोव्याच्या विश्रांतीघरात पन्नास मोजे एका दोरीवर वाळतात, त्यात माझे मला झटकन सापडतात ते कशामुळे, असं त्यांनी त्याच्यावर ओरडून विचारलं. माझ्याकडे आला तेव्हा मी मोजे धोब्याकडे गेलेत अशी थाप मारली. ते माझ्या पायातच होते. तो बघून न बघितल्यासारखं करून गेला.

शेवंताक्का सामान बांधत होती तेव्हा माझी बायको तिच्या मदतीला गेली होती. तिला ती म्हणाली, "मला लगीन झाल्यापास्नं ठावं हाय. उळवीच्या जत्रंतनं दर साली हिरवा चुडा म्हनून तांबड्या बांगड्या आनायचे. कासारानंच फसीवलं आसंल, आसं पयल्यांदा वाटलं. मागनं कळालं. गप सुम्म बसले. बाप्याला कुटं बांगड्यांतलं कळतंय, म्हनलं. त्या बत्तीचं माज्या ध्येनात कसं आलं न्हाई, बाई?" आणि ती त्या तांबड्या बांगड्यांच्या हातांनी ट्रंकेला दोरी आवळू लागली.

त्यानंतर माझी लोंढ्याला बदली झाली. लुमाण्णाची खबर अधूनमधून कळे. भावानं घरात घेतलं होतं. भावजयीनं कुरकुर केली, पण पावसाळा आला आणि घरातल्या सगळ्यांच्या पोटऱ्यांना जळवांचे मोजे मिळाले, तेव्हा तिची कुरकुर कमी झाली, म्हणे.

शेवटचा तो मला दिसला उळवीच्या जत्रेत. धारवाड-बेळगावकडच्या गाड्या सुटलेल्या, बैलांच्या गळ्यातल्या घंटा, कानडी-मराठी गलका, चुलींचा धूर. त्या गर्दीत एका गाडीच्या चाकाला टेकून तो मोजा भरत बसला होता. दाढी पांढरी झाली होती. पण हाताची चाल तीच. गाठोड्यात दोनच रंगांची लोकर होती. "पांडरं आनि काळं," तो म्हणाला. "त्यात चूक न्हाई." शेवंताक्कानं मला बसायला घोंगडं घातलं. आम्ही इकडचं तिकडचं बोललो. मास्तरांचं, काकूंचं, मिनेझसाहेब निवृत्त झाल्याचं. मग त्यानं सुई मांडीवर ठेवली.

"तारबाबू, एक इचारू? मी बत्ती दावून सोडलेल्या गाड्या. त्या खाली पोचल्या की तार तुमच्याकडंच यायची न्हवं?"

"हो. माझ्याकडेच."

"समद्या गाड्यांची यायची?"

"सगळ्यांची."

"तुमच्या आदी दुसरे बाबू व्हते. त्यांच्या वक्ताला?"

मी तेव्हा तिथं नव्हतो. पण मी म्हणालो, "त्यांच्या वेळच्याही पोचल्या, लुमाण्णा. न पोचलेली गाडी काय लपून राहते? साऱ्या मुलखाला कळलं असतं."

त्यानं मान हलवली. शेवंताक्का चुलीतलं लाकूड पुढं सारत खालमानेनं म्हणाली, "भेटंल त्या रेल्वेवाल्याला इचारत्यात."

"ते बत्तीवाले, पानीवाले," लुमाण्णा म्हणाला. "त्यास्नी काय ठावं? तार ह्यांच्याकडं यायची." आणि तो माझ्याकडे वळला. "परत एकदा सांगा की."

"सगळ्या पोचल्या," मी म्हणालो.